दूरध्वनी-व्हिडिओ परिषद जोडणी

कंपनीची अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा (ईपीएबीएक्स) आणि तिचे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे जाळे एकमेकांस जोडण्याची व्यवस्था. तिच्यामुळे टेबलावरच्या साध्या फोनवरूनही व्हिडिओ बैठकीत आवाजापुरता भाग घेता येतो.

१९९० च्या दशकारंभी एच.३२० मानकाची व्हिडिओ यंत्रे आयएसडीएन या डिजिटल दूरध्वनी वाहिन्यांवरच चालत. १९९६ मध्ये एच.३२३ मानक आले, व्हिडिओ संगणक-जाळ्यावर गेला आणि दोन्ही यंत्रणांची फारकत झाली. पुढे एसआयपी (१९९९, सुधारित २००२) ही संकेतपद्धती दोन्हीकडे रुजल्याने जोडणी सोपी झाली.

कंपनीचे एक्सचेंज (ईपीएबीएक्स) जुने असेल तर मध्ये गेटवे बसवावा लागतो. तो कॉल लावण्या-तोडण्याचे संकेत आणि आवाजाचे सांकेतन या दोहोंचे रूपांतर करतो. एक्सचेंज एसआयपी जाणणारे असेल, तर बहुधा थेट ट्रंक (जोडवाहिनी) पुरते. दूरध्वनीचा आवाज सामान्यतः जी.७११ पद्धतीने, सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने जातो. ही पद्धत समाईक पर्याय म्हणून जवळपास सर्वत्र चालते.

खरी डोकेदुखी क्रमांकांची. फोनला आकडे कळतात, तर व्हिडिओ यंत्राचा पत्ता अनेकदा ईमेलसारखा असतो. म्हणून प्रत्येक बैठक-कक्षाला विस्तार क्रमांक द्यावा लागतो. बैठकीचा पिन कीपॅडच्या स्वरांनी जातो. हे स्वर पाठवण्याची रीत दोन्ही बाजूंना जुळली नाही, तर आवाज स्वच्छ येऊनही पिन पोहोचत नाही. सुरक्षेचाही प्रश्न असतो: गेटवे असुरक्षित राहिल्यास बाहेरचे लोक कंपनीच्या खर्चाने परदेशी कॉल करू शकतात. शिवाय कायद्याचीही अडचण होती: भारतात इंटरनेटवरील कॉल व सार्वजनिक दूरध्वनी जाळे यांच्या सरमिसळीवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते.