रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल : निवड व परवाना (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

शस्त्र अधिनियम, १९५९ खाली सामान्य परवानाधारकाकडे सहसा ०.३२ बोअरचे हातशस्त्र असते; लष्करी ९ मिमी त्याला निषिद्ध. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्यात बहुधा सहा काडतुसे बसतात. एखादे फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे नळीसमोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र नळीवरचा सरकता भाग हाताने मागे खेचून ते बाहेर काढावे लागते. त्यामुळे शस्त्र क्वचितच हाताळणाऱ्या मळेकऱ्याला रिव्हॉल्व्हरच बरे.

नेमबाजीत पिस्तुलाचीच चलती. निपाणीशेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले, त्यात ०.२२ बोअरच्या पाच-पाच गोळ्यांच्या फैरी असतात.

सीमाभागात निवडीआधी परवान्याची हद्द पाहावी. तो कर्नाटकापुरताच असेल, तर कोगनोळी ओलांडून कागलला शस्त्र नेणे बेकायदा ठरते.