जेसीबी की मिनी पोकलेन?

घराचा पाया खणायचा म्हटलं की आपण लगेच जेसीबी बोलावतो. पण जरा थांबा, आधी गोष्ट ऐका.

१९५३ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅम्फर्ड यांनी एकाच ट्रॅक्टरला पुढे लोडर, मागे खणणारा हात जोडला. त्यांचीच आद्याक्षरं म्हणजे जेसीबी! हा रस्त्याने स्वतः येतो, खणतो, मातीही भरतो. पण मागचा हात फिरतो अर्धवर्तुळातच.

१९७० च्या सुमारास जपानच्या ताकेउची कंपनीने छोटं मशीन बनवलं, तेही घरांचे पाये कुदळीने खणायचे कष्ट वाचवायला. ते जागेवरच गोल फिरतं. मात्र ट्रकवरून आणावं लागतं.

मोकळा प्लॉट असेल, तर जेसीबी. सात फुटांचा बोळ, शेजारी जुनी भिंत? मग मिनी. म्हणून भाडं विचारण्याआधी टेप काढा. शेजाऱ्याची भिंत पडली, तर स्वस्त भाडंही महागच पडतं!