'ऑन द वे आहो' : चार ओळींचे भाष्य

अकोल्याचा मुलगा अमरावतीला यायचा आहे आणि आई फोन करते. वऱ्हाडात कुठल्याही घरी व्हावा असा हा संवाद. ओळी चारच, पण 'होणारच आहे' हे सांगण्याच्या तऱ्हा त्यात बऱ्याच आहेत.

१. "कुठवरी आला रे बाबू?"
कुठवरी म्हणजे कुठपर्यंत. 'निघाला का?' असे विचारले असते तर 'नाही' म्हणायची सोय होती. आईने ती ठेवली नाही.

२. "ऑन द वे आहो, आई."
'आहो' हे प्रमाण मराठीतल्या 'मी आहे'चे वऱ्हाडी रूप. 'ऑन द वे' म्हणणाऱ्याचे पाय रस्त्याला लागलेले असावेत, ही इंग्रजीतली अपेक्षा. आपल्याकडे मोजे शोधतानाही हा वाक्प्रचार चालतो. शंका : मग हे खोटे नव्हे काय? उत्तर : 'आलोच' म्हणणारा तरी कुठे आलेला असतो? घडणाऱ्या गोष्टीला भूतकाळाचे रूप देणे मराठीला जुनेच आहे. 'आलोच'च्या जागेवर इंग्रजी शब्द बसले, एवढेच.

मात्र अशा वाक्प्रचारांचे शब्दशः मराठी करू नये. 'अराउंड द कॉर्नर'साठी 'परीक्षा कोपऱ्यावर आली' म्हटले की कोपऱ्यावरचा पानठेला आठवतो. मराठीत परीक्षा तोंडावर येते, निवडणूक होऊ घातलेली असते आणि माणूस निघायच्या बेतात असतो.

३. "म्हणजे निघून राह्यला का येऊन राह्यला?"
'येऊन राह्यला' म्हणजे येतो आहे. 'ऑन द वे'ने झाकलेला फरक आईने दोन क्रियापदांत उघडा केला. निघून राह्यला तो अजून उंबऱ्याच्या आत. येऊन राह्यला तो गाडीत.

४. "मूर्तिजापूर येऊनच राह्यलं."
आता मुलगा कर्ता उरला नाही. गावच चालत येते आहे. 'च'वर सारी भिस्त. तरी हे उत्तर दुसऱ्या ओळीहून सरस, कारण गावाचे नाव पडताळता येते.

याच अकोला-अमरावती महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. रस्त्याचा हिशेब मिनिटापर्यंत लागतो, 'ऑन द वे'चा लागत नाही. म्हणून निघाले नसाल तर 'निघतो' म्हणा. निघाले असाल तर गावाचे नाव सांगा.