'वास्प स्टार' : एका उपेक्षित अखेरीविषयी

* 'वास्प स्टार' (२०००) : स्विंडनच्या एक्सटीसी या ब्रिटिश बँडचा अखेरचा अल्बम. ही टीप ज्या लेखाला जोडली आहे, त्यात त्याला आदल्या वर्षीच्या 'ॲपल व्हीनस, भाग १'चा उरलासुरला ऐवज मानले आहे. रूढ मत तसेच आहे, पण ते संपादकाला पटत नाही. दोन्ही भागांची कल्पना एकाच दुहेरी अल्बमची होती. वाद्यवृंदाची गाणी आधी आली आणि इलेक्ट्रिक गिटारची मागे राहिली, ती मुख्यतः पैशांअभावी. म्हणजे ही विभागणी साधनांची आहे, गुणवत्तेची नव्हे. 'वास्प स्टार'मधले 'स्टुपिडली हॅपी' हे गाणे जवळजवळ एकाच गिटार-आवर्तनावर उभे आहे, आणि हळूहळू भर घालत ते कंटाळा येऊ देत नाही. हा संयम वाद्यवृंद सांभाळण्याइतकाच अवघड आहे. बँडमधल्या कॉलिन मोल्डिंगचे 'बोर्डेड अप' तर ओसाड पडलेल्या गावाचे चित्र मोजक्याच सुरांत उभे करते.

बँडचा गिटारवादक डेव्ह ग्रेगरी १९९८मध्ये बाहेर पडल्याने गिटारची वीण विरळ झाली, हा आक्षेप खरा आहे. 'वूंडेड हॉर्स' रेंगाळते, हेही मान्य. परंतु शेवटचे 'द व्हील अँड द मेपोल' पाहावे. बँडच्याच अँडी पार्ट्रिजने दोन स्वतंत्र गाणी त्यात जोडली आहेत. घडलेले सारे विस्कटणारच, हा त्याचा आशय. तरीही त्याची चाल उत्सवी आहे. कारकिर्दीची अखेर इतक्या उमद्या स्वीकाराने करणारा अल्बम दुय्यम ठरवणे अन्यायाचे आहे. — संपादक