जव्हार-मोखाडा : प्रेक्षणीय स्थळे आणि पाहिली जाणारी माणसे

केनिया-टांझानियाच्या सहलींच्या जाहिराती मराठी वाचकाला आता नवीन नाहीत. सकाळी सिंह आणि हत्ती, दुपारी वाटाड्याबरोबर जंगलात पायपीट, संध्याकाळी 'मसाई गावाला भेट'. लाल शाली पांघरलेले तरुण उंच उड्या मारत नाचतात, पर्यटक फोटो काढतात आणि गाडी पुढच्या मुक्कामाला निघते. एकाच कार्यक्रमपत्रिकेत जनावर आणि माणूस लागोपाठ येतात आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही.

हाच साचा आता आमच्या जव्हार-मोखाड्याला लावला जात आहे. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, सूर्यमाळची थंड हवा, राजवाडा आणि शेवटी 'आदिवासी संस्कृती' : तारपा नृत्य, वारली चित्रे, नागलीची भाकरी, कुडाच्या घरासमोर फोटो. 'मिनी महाबळेश्वर' हे नाव तर जुनेच आहे. पर्यटनाने रोजगार येतो हे आम्हाला मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे : या नकाशात आदिवासी कुठे उभा आहे? यजमान म्हणून, की धबधब्यानंतरचे पुढचे 'पॉइंट' म्हणून? याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, आधी आफ्रिकेच्या आणि मग आपल्या.

'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आला. आपण मराठीत म्हणतो तीच ही सफर. पण जगाला हा शब्द ठाऊक झाला तो गोऱ्या शिकाऱ्यांमुळे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 साली मोंबासाला उतरले. त्यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक आफ्रिकी हमाल होते. रूझवेल्ट आणि त्यांच्या मुलाने मिळून 512 प्राणी मारले. पायी चालणारी, ओझे वाहणारी ती दोनशे माणसे कोण होती, हे सफारीच्या गोष्टीत कधी येत नाही. आमच्याकडे साहेबाचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोहोचवणे ही वेठ कुणाच्या वाट्याला यायची, हे महाराला आणि वारल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मसाईंचे तर घरच गेले. 1904 च्या कराराने इंग्रजांनी त्यांना रिफ्ट खोऱ्यातल्या उत्तम कुरणांवरून हटवले आणि दोन राखीव प्रदेशांत कोंडले. उत्तरेकडचा लायकिपियाचा प्रदेश कायमचा तुमचा, असे वचन दिले होते. 1911 मध्ये दुसरा करार करून तोही काढून घेतला. मसाई 1913 साली न्यायालयात गेले. निकाल काय लागला? हा दोन सत्तांमधला तह आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही! जमीन घेताना मसाई प्रजा आणि दाद मागताना परके राष्ट्र. कायद्याची ही हातचलाखी आमच्या वाचकांना ओळखीची वाटेल. पुढे 1959 मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानासाठी मसाईंना तिथून बाहेर काढून गोरोंगोरोकडे पाठवले. जून 2022 मध्ये त्याच टांझानियात लोलिओंडो येथे 1,500 चौरस किलोमीटर जमिनीची हद्द आखताना विरोध करणाऱ्या मसाईंवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. ज्यांना कुरणातून हाकलले, त्यांचाच नाच त्या कुरणाच्या काठावर तिकीट लावून दाखवला जातो. जमीन गेली, पोशाख तेवढा 'जतन' केला.

याची मुळे युरोपच्या प्राणिसंग्रहालयांत आहेत. हॅम्बुर्गचा जनावरांचा व्यापारी कार्ल हागेनबेक याने 1870 च्या दशकात रेनडिअरबरोबर सामी लोकांनाही आणून प्रेक्षकांसमोर उभे केले. गर्दी जमली, धंदा वाढला आणि मग निरनिराळ्या देशांची माणसे कुंपणामागे 'नैसर्गिक अवस्थेत' दाखवण्याची लाटच आली. कुंपण आज राहिलेले नाही. नजर मात्र फारशी बदललेली नाही.

आता जव्हारकडे येऊ. पर्यटकाला राजवाडा दाखवतात, पण त्यातला राजा महादेव कोळी होता हे सांगताना आवाज खाली येतो. मुकणे घराण्याचे हे राज्य 1343 पासूनचे मानले जाते. ते सुमारे सहा शतके टिकले आणि 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर जाताना जव्हारच्या राजाला शिरपामाळावर भेटले, ही आठवण इथे आजही सांगतात. म्हणजे आदिवासी 'इतिहासाबाहेर' कधीच नव्हता. तह, सनदा, लढाया, दरबार, सगळे इथे होते.

पण आम्ही राजवाड्याचेही भाट नाही. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये या राज्याच्या स्थापनेची आख्यायिका आहे. जव्हार आधी वारली नायकाकडे होते. मुकण्यांच्या मूळपुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. वारल्याने हो म्हटले. मग कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यांचे कुंपण लांबवर फिरवले गेले आणि राज्य गेले. ही गोष्ट चातुर्याची म्हणून सांगतात. वारल्याच्या बाजूने कुणी सांगितली तर तीच फसवणुकीची होईल. आख्यायिका खरी असो वा नसो, भोळा म्हणून ज्याचे कौतुक होते त्याचीच जमीन जाते, हे तिने नेमके पकडले आहे.

शेजारच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात तर ही फसवणूक सावकारी कायद्याने झाली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या घरी राबायचे. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ झुगारली. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळाली पाहिजे, ही त्यांची मागणी होती. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड शहीद झाले. हा इतिहास कोणत्या पर्यटन पत्रकात छापला जातो? पत्रकात नाचणारा वारली असतो, मजुरीचा दर मागणारा वारली नसतो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एल्विन-घुर्ये वाद शिकवला गेला. व्हेरियर एल्विन यांनी 1939 मध्ये बैगा जमातीवरील पुस्तकात 'राष्ट्रीय उद्याना'सारखे संरक्षित क्षेत्र सुचवले. गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये त्याला उत्तर देत आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवले. एकाने जपून ठेवायचे म्हटले, दुसऱ्याने सामावून घ्यायचे. त्या वादात आदिवासीचे स्वतःचे मत कुणी विचारले, असे आम्हाला दिसत नाही. आज रिसॉर्टवाल्याला एल्विनचे उद्यान हवे आहे आणि 'वनवासी' म्हणणाऱ्यांना घुर्ये हवे आहेत!

बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिसंहारा'त हा प्रश्न निराळ्या टोकाने मांडला. एवढ्या प्राचीन संस्कृतीचा अभिमान सांगणाऱ्या देशात लाखो आदिवासी दारिद्र्यात का राहिले? कारण त्यांना आपले मानायचे तर त्यांच्यात जाऊन राहावे लागते, आणि जात सांभाळणाऱ्या हिंदूला ते शक्य नाही. त्यांची त्या काळची 'सुधारणे'ची भाषा आज आदिवासी तरुणांना खटकते आणि त्यावर मोकळी चर्चा व्हायला हवी. पण बोट अचूक जागी ठेवले आहे : अंतर राखणारा माणूस फक्त पाहू शकतो. संविधान सभेत जयपाल सिंग मुंडा यांनी डिसेंबर 1946 मध्ये स्वतःला अभिमानाने 'जंगली' म्हटले आणि आदिवासी हाच शब्द हवा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी डिसेंबर 1948 मध्ये सांगितले की 'आदिवासी' हा ढोबळ शब्द आहे, 'अनुसूचित जमाती'ला मात्र निश्चित कायदेशीर अर्थ आहे. दोघांचा मतभेद खरा होता. पण दोघेही आदिवासीला हक्कदार नागरिक म्हणून उभा करत होते. शोभेची वस्तू म्हणून कुणीच नाही.

(जाता जाता : आमच्या पूर्वजांना गावात 'जोहार' घालावा लागे. तो आम्ही 'जय भीम'ने पुसला. आदिवासी बांधव मात्र अभिमानाने 'जोहार' म्हणतात. एकच शब्द, एकीकडे लादलेला आणि एकीकडे आपला. संस्कृती कुणाच्या हुकमाने सादर होते यावर किती अवलंबून असते!)

तारप्याचेच पाहा. तारपा हे भाताच्या हंगामाचे वाद्य, नव्या पिकाच्या आनंदाचे. रिसॉर्टच्या अंगणात ते मे महिन्यातल्या शनिवारी जेवणाआधी अर्धा तास वाजते. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा सन्मान कलावंताचा आहे आणि तो योग्यच आहे. पण पाड्यावरच्या तारपावाल्याला त्या अर्ध्या तासाचे किती मिळतात आणि ते कोण ठरवतो? वारली चित्रांचेही असेच. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायका होत्या. 1970 च्या दशकात चित्र भिंतीवरून कागदावर आणि बाजारात आले तसे नाव पुरुषांचे झाले. जिव्या सोमा मशे थोर चित्रकार होते यात वाद नाही. पण त्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली? 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवर ती चित्रे कुणाच्याही परवानगीशिवाय छापली जातात.

आणि जो नाच पाहायला गाड्या येतात, तो नाचणारा दिवाळीनंतर गावात असतो का? नागली-वरईची कापणी झाली की पाड्यांना कुलपे लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा महाराष्ट्राला हा तालुका कळला. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण कुपोषणाच्या बातम्या थांबल्या नाहीत. मोखाड्यात कोचाळे येथे वैतरणेवर 102 मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे आहे. ते पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत उभ्या असतात. त्याच मुंबईचा पर्यटक येऊन विचारतो, 'इथे इतके साधे जीवन कसे काय जगता?'

मसाई मारातच याची दुसरी बाजूही दिसते. अभयारण्याच्या भोवतालची जमीन ज्या मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, त्यांनी ती पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिली आहे आणि दरमहा भाडे घेतात. तिथेही वाद आहेत, गुरे चारण्यावर बंधने आहेत. पण करारावर सही मसाईची आहे. लोलिओंडो आणि मारा यांतला फरक नाचात नाही, सातबाऱ्यात आहे.

आमच्याकडे त्यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. जव्हार आणि मोखाडा पाचव्या अनुसूचीत आहेत. 1996 चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्राचे 2014 चे नियम आहेत. त्या नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा घेता येते. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 5 ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि आपला सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार देते. म्हणजे जंगलातली पायवाट, धबधब्याचे तिकीट, घराच्या भिंतीचा फोटो, बोहाड्याच्या रात्री कॅमेरा कुठवर न्यायचा, हे सगळे ग्रामसभेने ठरवण्याचे विषय आहेत.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत आमचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर हे तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यायला सांगणार आहेत : गावाच्या हद्दीत चालणाऱ्या पर्यटन व्यवसायांना ग्रामसभेचा ठराव आहे का, प्रवेशाच्या पैशातून ग्रामकोशात किती येतात, आणि नाचाची बिदागी कुणी ठरवली. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत आपल्याकडे ठेवावी.