दाईला सर्टिफिकेट कोण देणार?

हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड काढला, तो परंपरागत दायांना शिकवण्यासाठी. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यात नर्स आल्या, मिडवाइफ आल्या. परंपरागत दाई प्रशिक्षण शिबिरापुरतीच राहिली.

आता ऊर्जानगरहून शेजारच्या गडचिरोलीत चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी शिकवली, सोबत दायांनाही प्रशिक्षण दिलं. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

इथे घाई करू नका. दोघी एकत्र काम करत होत्या, त्यामुळे यात दाईचा वाटा किती, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. आणि सरकारी मोजणीत तर शिकलेली दाईसुद्धा 'कुशल' धरली जात नाही.

म्हणून प्रश्नावली बनवताना दोन रकाने वेगळे ठेवा: "नोंदणी आहे का?" आणि "काय काय येतं?" एकच रकाना ठेवलात, तर दाईचं कौशल्य तपासण्याआधीच तुमच्या डेटातून गळेल.