कैगा, २००९ : शरीरात शिरलेला किरणोत्सार मोजताना

🧵 थ्रेड

१/ नोव्हेंबर २००९. काळी नदीकाठचे कैगा अणुवीज केंद्र. हा कारवार तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. नेहमीच्या तपासणीत काही कर्मचाऱ्यांच्या लघवीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. पुढे बाधितांची संख्या पन्नासच्या वर गेली.

२/ ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. कैग्याच्या अणुभट्ट्यांत जड पाणी वापरले जाते. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्यात ट्रिटियम तयार होते. एरवी ते बाष्परूपाने श्वासावाटे आणि त्वचेतून शरीरात शिरते.

३/ मग ते मोजायचे कसे? सीझियम-१३७ शरीरात गेले, तर त्याचे गॅमा किरण बाहेर पडतात. जाड पोलादी भिंतींच्या खोलीत माणसाला बसवून किंवा झोपवून ते मोजता येतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी खोली आहे.

४/ ट्रिटियमचे बीटा कण मात्र इतके दुबळे, की त्वचाही ओलांडत नाहीत. बाहेरून लावलेले कोणतेही यंत्र येथे आंधळेच ठरते.

५/ परंतु ट्रिटियमयुक्त पाणी शरीरातील सर्व पाण्यात सारखे मिसळते. म्हणून लघवीच्या थोड्याशा नमुन्यावरून सबंध शरीराचा हिशेब मांडता येतो. नमुना प्रकाश देणाऱ्या द्रवात मिसळतात आणि त्यातील सूक्ष्म चमका मोजतात.

६/ केंद्रात गळती आढळली नाही. माग पोहोचला तो पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी! अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी हे जाणूनबुजून केलेले कृत्य असल्याचे सांगितले.

७/ उपचार साधा होता : भरपूर पाणी आणि लघवी वाढवणारी औषधे. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, पण शरीरातील त्याचे प्रमाण सुमारे १० दिवसांत निम्मे होते.

८/ या मोजणीमागे जुनी वेदना आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ओठांनी कुंचल्याला टोक काढत. रेडियम त्यांच्या हाडांत साचले. अनेकींचे प्राण गेले. पुढे रॉबली इव्हान्स यांनी अशा रुग्णांच्या उच्छ्वासातील रेडॉन मोजून हाडांतील रेडियमचा अंदाज बांधला. १९४१ मध्ये मर्यादा ठरली : ०.१ मायक्रोग्रॅम.

९/ त्या मुलींचे शरीर कोणी वेळेवर मोजले नव्हते. कैग्यात कोणाला काही जाणवण्याआधीच नमुना बोलला. कंटाळवाणी वाटणारी नियमित तपासणी हीच कामगाराची खरी ढाल असते. (समाप्त)